कोठ्यातली गिटार: आपल्या इकडच्या लाकडातून इलेक्ट्रिक बॉडी कशी करायची

आधीच सांगून टाकतो राजेहो, मी काही गिटार बनवायचा कोर्स केलेला माणूस नाही. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरीच्या पट्ट्यात. बैलं विकल्यापासून मागचा कोठा रिकामा पडला होता, वर टिन, खाली शेणानं सारवलेली जमीन, तिथंच माझा टेबल, तिथंच राउटर (फिरत्या बिटानं लाकूड कोरायचं मशीन) आणि पावसाळ्यात तिथंच शेजारच्याच्या कोंबड्या. आतापर्यंत सात बॉड्या, म्हणजे गिटारीची धडं, केली. पहिली चुलीत गेली, दुसरी भिंतीवर लटकून आहे कारण तिची नेक (मान) दोन मिलिमीटर तिरपी बसते, बाकीच्या पाच वाजून राहिल्या, त्यातली एक तर झाडीपट्टीच्या नाटकात दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र वाजते. पोट्टे विचारत राहतात की भाऊ आपल्या इकडच्या लाकडाची होते का गिटार, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

फक्त बॉडीचं लिहून राहिलो. नेक तयार विकत घ्या. नेकमध्ये ट्रस रॉड (बाक कमीजास्त करायची आतली सळई) असते, फ्रेटच्या, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा असतात, त्यातली एक खाच अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाली तरी जन्मभर बेसूर वाजते, पहिल्याच कामात ते डोक्याला लावून घेऊ नका. बॉडी मात्र ज्याला दाराची चौकट जमते त्याला जमते, नुसतं माप चुकायला नको.

आता लाकूड. यावर लोक लय भांडतात, अमक्या लाकडाचा आवाज गोड, तमक्याचा तिखट. मी काय म्हणतो, इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप असते ते चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, ते लोखंडी तारेचं हलणं पकडते, आपल्या ढोलकीसारखं किंवा साध्या गिटारसारखं लाकडाच्या पोटातून आवाज निघत नाही. १९५० मध्ये ज्या माणसानं सॉलिड, म्हणजे भरीव, बॉडीची गिटार बाजारात आणली, जी पुढं टेलिकास्टर झाली, तो लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्तीवाला होता. पहिला नमुना त्यानं पाइनचा केला, मग अ‍ॅश वापरलं आणि १९५६ च्या आसपास अल्डरवर आला. तिकडं जे सहज मिळत होतं, कापायला-रंगवायला सोपं होतं, ते त्यानं घेतलं. मग आपण आपल्या इकडचं घेतलं तर काय बिघडलं? क्वीन बँडवाला ब्रायन मे तर १९६३ मध्ये बापासोबत घरीच गिटार करायला बसला, नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीची आणि बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, घुणानं पाडलेली भोकं काडीपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. ती गिटार तो आजही वाजवते.

म्हणून आवाजाचं सोडा. तीन गोष्टी पाहा: वजन किती, वाळलं किती, आणि गाठ-चीर कुठं आहे.

वजनाचं गणित सोपं आहे. नेहमीच्या आकाराच्या बॉडीला २० इंच लांब, १४ इंच रुंद आणि २ इंच जाड एवढा तुकडा लागते, म्हणजे एक तृतीयांश घनफुटापेक्षा किंचित कमी. कापून, कोरून शेवटी त्यातलं निम्म्याच्या आसपास उरते, ०.१५ घनफूट धरा. सागवान घनफुटाला १८-१९ किलो भरते, म्हणजे बॉडी पावणेतीन किलोची. चालते, पण खांद्याला कळते. शिवण घनफुटाला १४ किलोच्या आसपास, बॉडी दोन-सव्वादोन किलोत येते, बाहेरच्या अल्डरच्या जवळपास. माझं मत विचाराल तर आपल्या जंगलातलं गिटारसाठी सगळ्यात चांगलं लाकूड शिवण, हलकं आहे, एकदा वाळलं की फारसं हलत नाही, रंध्याखाली लोण्यासारखं निघते, रंग फिक्कट असल्यानं वर कोणताही रंग चढते. पण सरळ रुंद फळी मिळायला नशीब लागते.

बिजा दिसायला राजबिंडा, सोनेरी-तपकिरी, पण घनफुटाला २२ किलोच्या वर, सव्वातीन किलोची बॉडी गळ्यात घालून रात्रभर उभं राहून दाखवा. शिसम त्याच्याहूनही जड, त्याचा पातळ पत्रा कापून वरून लावा, नाहीतर फ्रेटबोर्डला ठेवा, जगभर तेच करतात. हळदू पिवळा, बारीक रेषेचा, कापायला मस्त, वजनात सागापेक्षा थोडा जास्त. धावड्याच्या नादी लागू नका, तो कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बंडीलाच शोभते. काटेसावर इतकी हलकी की स्क्रू धरत नाही आणि घुण तिला आधी शोधते. आंबा स्वस्त मिळते, पण त्याची गोष्ट खाली सांगतो.

लाकूड आणायचं कुठून, तर इथं जरा नीट ऐका. स्वतःच्या वावरातला साग असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, बिजा, हळदू, ऐन, मोहा, आंबा ही सगळी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आणि कापलेला सागवान हलवायला वनविभागाचा वाहतूक पास लागते, ज्याला आपण टीपी म्हणतो. जंगलातून रात्री कोणी सायकलवर आणून दिला तर घेऊ नका, एका गिटारीपायी नाक्यावर उभं राहायची पाळी येईन. आरा मशीनवर बिल घेऊन तुकडा घ्या. आपल्या बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेला, तोच आलापल्ली-चंद्रपूरकडचा माल तुकड्यात आरा मशीनवर मिळते, आपल्याला लागते तरी किती, दोन फूट. शिसमची तर अजून एक भानगड, ते आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या यादीत आहे, तयार वाद्यांना २०१९ पासून सूट मिळाली, पण देशाबाहेर विकायचा विचार असला तर कागद सांभाळून ठेवा.

आणि सगळ्यात भारी माल म्हणजे पडकं घर. गावोगावी जुनी मातीची घरं पाडून घरकुल बांधणं चालू आहे. त्यातली मयाल (छताची आडवी तुळई), खांब, दाराच्या चौकटी म्हणजे साठ-सत्तर वर्षं वाळलेला सागवान, आणि लोक तो चुलीला लावतात नाहीतर कबाड्याले देतात. माझी तिसरी बॉडी आमच्याच मोठ्या बाबांच्या घराच्या मयालीची. वरून काळीकुट्ट, चुलीच्या धुरानं डांबरासारखी झालेली, एका टोकाला उधईनं खाल्लेली, घरचे म्हणे काय करतो हे कोळसं घेऊन. ट्रॅक्टरवर टाकून आरा मशीनवर नेली तर मशीनवाला आधी हातच लावेना, म्हणे जुन्या लाकडात खिळे असतात, माझं पातं गेलं तर कोण भरून देईन. मग तिथंच ओट्यावर बसून दोन तास मी खिळे काढले. स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवायचं, जिथं ओढलं जाते तिथं खडूची खूण. अकरा निघाले, त्यातले तीन घडीव, चौकोनी, लोहारानं ठोकलेले. बारावा मला सापडला नाही, तो पात्याला सापडला. ठिणगी उडाली, मशीनवाल्यानं जे काय म्हटलं ते इथं लिहित नाही, दीडशे रुपये जास्त दिले आणि चहा पाजला तेव्हा पुढची फळी निघाली. पण ते काळं साल उतरल्यावर आत जो सोन्यासारखा रंग निघाला आणि सागाचा तो कातड्यासारखा वास सुटला, मशीनवालासुद्धा हात फिरवून पाहत होता. तर मुद्दा असा की चुंबक दोनदा फिरवा.

ओलं-वाळलं कसं ओळखायचं. आता ती आंब्याची गोष्ट. पहिली बॉडी मी ऑगस्टमध्ये केली, आंब्याची फळी आरा मशीनवरून तशीच आणली, हाताला कोरडी लागत होती म्हणून वाळली समजलो. चिकटवली, कापली, घासली, पॉलिश केली. एप्रिल-मे आला, आपल्याकडचा मे म्हणजे टिनाखाली भट्टीच, आणि बॉडी रुंदीत जवळपास चार मिलिमीटर आकसली, मधला जोड खालच्या टोकाकडून उघडला, पाठ कटोऱ्यासारखी वाकली. वरून नेक पॉकेटमधून (नेक बसते त्या खाचेतून) पिठासारखी भुकटी पडू लागली, घुण लागला होता. गेली चुलीत.

लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलते. आपल्याकडं श्रावण आणि वैशाख यांच्यात हवेच्या ओलाव्याचा एवढा फरक असते की चांगलं वाळलेलं लाकूडही थोडं श्वास घेते, ओलं असलं तर तुमची मेहनत फाडून टाकते. म्हणून नवीन फळी आणली तर तिच्या दोन्ही टोकांना आधी ऑइल पेंट फासा, नाहीतर जुन्या लोकांसारखं शेण-माती लिंपा, कारण टोकाकडून पाणी भराभर निघून जाते आणि तिथंच चिरा पडतात. मग सावलीत, जमिनीपासून वर, फळ्यांच्या मध्ये चिपा टाकून रचा. एक इंच जाडीला एक वर्ष असा जुना हिशोब आहे. ओलावा मोजायचं मीटर असलं तर पाहा, नसलं तर फळी किराणा दुकानाच्या काट्यावर दर रविवारी मोजा आणि तिच्यावरच पेन्सिलनं लिहा, तीन-चार आठवडे वजन तेच आलं की वाळली समजा. पावसाळ्यात हे मोजणं करू नका, तेव्हा वजन थांबते पण लाकूड वाळलेलं नसते. आणि सागाची असो की आंब्याची, कडेची पांढरी पट्टी कापून टाका, घुण तिथूनच शिरते.

जोड. १४ इंच रुंद एक सलग फळी मिळणं कठीण, म्हणून सात-सात इंचाच्या दोन जोडायच्या, त्यात काही कमीपणा नाही. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटवून शिकंज्यात एकत्र पकडा आणि दोघींच्या कडांवर एकाच वेळी रंधा मारा. का, तर तुमचा हात थोडा तिरपा गेला तरी एका फळीचा तिरपेपणा दुसरीच्या उलटा असते, उघडून जोडल्यावर तो एकमेकांत मिटून जाते. मग एक फळी दुसरीवर उभी ठेवून मागं सूर्य घ्या. फटीतून उजेड दिसला तर परत रंधा. मध्यभागी कागदाएवढी पोकळी चालते, टोकाला फट चालत नाही.

सागात तेल असते, त्यामुळं गोंद धरत नाही अशी तक्रार असते. रंधा मारल्यावर लगेच, त्याच दिवशी चिकटवा, आणि त्याआधी कापडाला अ‍ॅसिटोन लावून कड पुसा, कापड पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. आठ दिवस आधी रंधा मारून ठेवलेली कड चिकटवू नका. फेविकॉल मरीन बरा पडते. उन्हाळ्यात दुपारी गोंद लावाल तर शिकंजा आवळेपर्यंत तो सुकते, म्हणून हे काम पहाटे करा. मोठे शिकंजे नसले तर बाभळीचे दोन दांडे आडवे टाका, दोन्ही बाजूनं बंडीचा नाडा गुंडाळा आणि मध्ये पाचर ठोका, मी पहिल्या चार अशाच केल्या. गोंदाची बारीक रेघ पूर्ण जोडावर बाहेर आली पाहिजे, कुठं कोरडं दिसलं तर खोला आणि परत लावा. २४ तास हात लावू नका.

मग सपाट करणं. पाट दोन्ही बाजूनं सपाट करून ४५ मिलिमीटरवर आणायचा. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पाटाच्या या टोकावर आडवी, एक त्या टोकावर, आणि डोळा खाली आणून पाहा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा एका रेषेत नसल्या तर पाटात पीळ आहे. उंच कोपऱ्यावर पेन्सिलनं रेघोट्या मारा, त्या जाईपर्यंत रंधा तिरपा चालवा, परत पाहा. हे मला गावच्या वाढई काकांनी शिकवलं. ते तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करतात, त्यांना मी गिटार म्हटलं तर त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, म्हणे पाट सरळ नसला तर त्याच्यावर केलेलं काहीच सरळ होत नाही, दे इकडं. सागात रेतीसारखा बारीक खर असते, पातं लवकर बोथट होते, धार लावायचा दगड बाजूलाच ठेवा.

आता फर्मा, म्हणजे ज्याला टेकवून राउटर फिरवायचा तो आकार. बॉडीचे पूर्ण मापाचे नकाशे नेटवर फुकटात मिळतात. प्रिंट काढायला गेलो तर दुकानदारानं ‘कागदात बसवून’ दिलं, म्हणजे सगळंच तीन टक्के लहान, आणि मी घरी येऊन मोजलंच नाही. तुम्ही दुकानातच स्टीलची पट्टी टाकून मोजा, नकाशावर जे अंतर लिहिलं ते पट्टीवर आलं पाहिजे. मग तो कागद १२ मिलिमीटरच्या एमडीएफवर चिकटवा, कापा, कडा घासून गुळगुळीत करा. फर्म्यात जो खड्डा राहील तो लाकडात तसाच उतरते.

फर्मा लाकडावर ठेवायच्या आधी मधली रेघ मारा, म्हणजे सेंटर लाइन. तीक्ष्ण पेन्सिल, लांब पट्टी, समोर, मागं आणि दोन्ही टोकांवर. माझी दुसरी बॉडी जी भिंतीवर लटकून आहे, तिच्यात हीच रेघ घासताना पुसली गेली आणि मी जोडाच्या रेघेलाच मधली समजून पुढं गेलो. जोड मध्यावर नव्हता. पुढचं प्रत्येक माप याच रेघेवरून निघते, नेक, पिकअप, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), सगळं. घासून गेली की लगेच परत मारा.

बाहेरचा आकार कापायला जिगसॉ चालते पण ४५ मिलिमीटर सागात त्याचं पातं खाली वाकते, वरून रेघेवर दिसते आणि खालून आत घुसलेलं असते. रेघेपासून चार मिलिमीटर बाहेरून कापा. आरा मशीनवर बारीक पट्टा असला तर तिथूनच कापून आणा, दहा मिनिटांचं काम. उरलेलं राउटर आणि बेअरिंगवाल्या बिटानं फर्म्याला टेकवून काढायचं. एका वेळी तीन-चार मिलिमीटर खोल, त्यापेक्षा जास्त नाही. बाहेरच्या कडेनं घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा, आतले खड्डे काढताना घड्याळाच्या दिशेनं. शिंगांच्या टोकाशी लाकडाच्या नसा आडव्या येतात, तिथं बिट एकदम पकडते आणि ढलपी उडवते, तिथं राउटर नेण्याआधी कानसीनं घासून रेघेच्या अगदी जवळ या म्हणजे बिटाला खायला कमीच राहते.

राउटरबद्दल एक गोष्ट कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडं लाईन जात नाही. मी पिकअपचा खड्डा काढून राहिलो होतो, लाईन गेली. राउटर बंद पडला, मी तो उचलून टेबलावर आडवा ठेवला आणि पाणी प्यायला घरात गेलो. बटन चालूच्या लॉकमध्येच. दहा मिनिटांनी लाईन आली. घरातून मला नुसता आवाज आला, पळत आलो तर राउटर टेबलावरून उडी मारून जमिनीवर गोल फिरत होता, सारवलेली जमीन खोदत, कोंबड्या छपरावर. माझा हात किंवा कोणाचं लेकरू तिथं असतं तर? तेव्हापासून नियम: लाईन गेली की आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मगच राउटर खाली ठेवायचा. आणि फिरतं बिट लाकडात असताना लाईन गेली तर उचलायची घाई करू नका, पूर्ण थांबू द्या. राउटरचं काम तुमच्या फीडरवर लाईन पक्की असते त्याच वेळेला ठेवा.

धूळ. सागाची आणि शिसमाची धूळ कोणाकोणाला लय भोवते, अंगावर खाज, नाक बंद. तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्या.

आता जिथं खरी गंमत आहे ते, नेक पॉकेट. नकाशातलं माप वापरू नका. तुम्ही विकत आणलेली नेक घ्या, मधल्या रेघेवर ठेवा, तिच्या तीन बाजूंना एमडीएफच्या सरळ पट्ट्या घट्ट भिडवून दुतर्फा टेपनं चिकटवा, नेक काढून घ्या, जे राहिलं तोच तुमचा फर्मा. साधारणपणे नेकची टाच ५६ मिलिमीटर रुंद असते आणि पॉकेट १६ मिलिमीटर खोल, पण आपल्याला मिळणाऱ्या स्वस्त नेका अर्धा-पाऊण मिलिमीटर कमीजास्त निघतात, म्हणून ही पद्धत. आधी मोठ्या ड्रिल बिटानं बरंचसं लाकूड काढून टाका, मग राउटर, कोपरे पटाशीनं. नेक बसवून स्क्रूशिवाय बॉडी उचलून पाहा, धरून राहिली तर घट्ट बसली. पण हे मे महिन्यात करत असाल तर एक कागद जाईल एवढी जागा सोडा, पॉलिश चढल्यावर आणि आषाढात लाकूड फुगल्यावर तीच नेक हातोडीनं ठोकावी लागते आणि पॉकेटची कड उडते.

स्क्रू आवळायच्या आधी धागा. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) पहिल्या आणि सहाव्या खाचेतून पतंगाचा मांजा नाही, शिलाईचा साधा धागा ब्रिजपर्यंत ताणा, आणि पाहा की दोन्ही धागे फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत. एकीकडं धागा कडेच्या बाहेर जाऊन राहिला तर नेक तिरपी आहे, आत्ताच नीट करा.

ब्रिजची जागा या नेकवरूनच ठरते. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, तेवढंच अंतर त्याच्यापुढं. ६४८ मिलिमीटर स्केल, म्हणजे नट ते ब्रिज लांबी, असली तर ३२४ आणि ३२४. हे अंतर सगळ्यात बारीक तारेच्या सॅडलचं (ब्रिजवरचा तार टेकायचा ठोकळा), बाकीच्या तारा थोड्या जास्त लांब लागतात, जाड तार सगळ्यात जास्त. म्हणून ब्रिज लावताना सॅडल जवळजवळ पूर्ण पुढं आणून मग माप जुळवा, म्हणजे मागं सरकायला पाच-सहा मिलिमीटर हातात राहतात. ब्रिज साधा, वरून तार घालायचा घ्या, हलणाऱ्या दांडीवाला पहिल्यांदा नको. प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रूला साबण फासा, वाळलेला साग भोकाशिवाय स्क्रू मारला की सरळ चिरते. नेकच्या चार स्क्रूंची बॉडीतली भोकं मात्र मोकळी पाहिजेत, चुडी नेकमध्येच धरली पाहिजे, नाहीतर नेक आणि बॉडीमध्ये फट राहते आणि तुम्ही आवळतच बसता.

पिकअपचे खड्डे २० मिलिमीटरच्या आसपास, कंट्रोलचा ३८ पर्यंत, खाली सहा-सात मिलिमीटर लाकूड राहू द्या, बिटावर टेप गुंडाळून खूण करून ठेवा. आत तांब्याची चिकटपट्टी लावा, आणि ब्रिजखालून कंट्रोलच्या खड्ड्यापर्यंत एक बारीक भोक पाडून अर्थची तार ब्रिजला टेकलीच पाहिजे. गावाकडं घरातल्या अर्थिंगचा भरवसा नसते, गुणगुण येते. सिंगल कॉइलला, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपला, २५० केचे पॉट (आवाज कमीजास्त करायचे खटके), दोन वेटोळ्यांच्या हंबकरला ५०० केचे. वायरिंगचे नकाशे कोणीही देईन, त्यात वेळ घालवत नाही.

सागाची बॉडी जड वाटली तर पिकगार्डखाली (समोरच्या झाकणपट्टीखाली) जे झाकलं जाणार आहे तिथं आणखी लाकूड काढून टाका. फेंडरनेच १९६८ मध्ये आत पोकळ केलेली टेलिकास्टर काढली होती, जड अ‍ॅशच्या कारणानंच. माझ्या मयालवाल्या बॉडीतून मी असं तीनशे ग्रॅम काढलं.

पोटाकडचा उतार आणि हाताखालचा उतार कानसीनं होते, वाढई काका वाकसानं (लाकूड तासायच्या हत्यारानं) चार घावात करतात, मला ते जमत नाही आणि तुम्हीही बॉडीवर शिकू नका. कडा किमान तीन मिलिमीटरनं गोल करा. मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२०, दर वेळी नसेच्या दिशेनं. ८० चे ओरखडे १२० नं पूर्ण गेल्याशिवाय पुढं जाऊ नका, कोठ्यात दिसत नाहीत, बाहेर उन्हात तिरपं धरलं की सगळे दिसतात.

फिनिशला मी गाडीचा रंग मारत नाही. आपल्याकडं दोन वस्तू आहेत. एक जवसाचं तेल, घाणीवरचं, तेच जे आपण चटणीसोबत खातो. कापडानं पातळ चोळायचं, अर्ध्या तासानं पूर्ण पुसून टाकायचं. कच्चं तेल सुकायला आठ-पंधरा दिवस लागतात, जाड लावलं तर महिनाभर चिकट राहते. आणि ते तेलाचं कापड चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होते, गोळा केलेलं कापड आपोआप पेट घेते, त्यात आपला मे महिना आणि बाजूला कुटार (सुका चारा). तारेवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

दुसरी लाख, पळसावर-कुसुमावर होते तीच. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, आणा, १०० ग्रॅम चपडा अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, मलमलनं गाळा, जुन्या धोतराच्या कापडात कापूस गुंडाळून पातळ-पातळ हात द्या. एका दिवसात आठ-दहा हात होतात, सागाचा रंग असा वर येते की पाहत राहावं. पावसाळ्यात लाखेचं काम काढू नका, हवेतला ओलावा आत अडकून वर पांढरा धुरकट डाग येते. आलाच तर कोरड्या दिवशी वरून नुसत्या स्पिरिटचा हलका हात द्या, बहुतेक निघून जाते. घामानं हाताखालची लाख मऊ पडते, वर्षातून एकदा त्या जागी दोन हात परत मारा.

तारा चढवल्यावर आठ दिवस तशीच टांगून ठेवा, रोज सुरात आणा. नेकला ताण घ्यायला वेळ लागते. मग मृगाचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की चारही स्क्रू एकदा हातानं पाहा आणि नेक डोळ्यापुढं धरून तिचा बाक पाहा, वाकली असली तर तारा थोड्या सैल करून ट्रस रॉडला पाव फेरा द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.